पाणीटंचाईचे कायदे गावाने कसे वापरावेत: ऑक्टोबर ते जून

महाराष्ट्रातील बहुतेक गावांत पाण्याची ओरड मार्चमध्ये सुरू होते आणि तेव्हाच तहसील कार्यालयाकडे टँकरचा अर्ज जातो. राज्याने पाण्यासंबंधी केलेल्या कायद्यांचा आणि शासन निर्णयांचा खरा उपयोग मात्र त्याच्या पाच-सहा महिने आधी, पाऊस थांबल्यावर लगेच करायचा असतो. भूजल पातळीची ऑक्टोबरमधील मोजणी, 15 ऑक्टोबरचा धरणसाठा, रब्बीच्या पेरण्या आणि टंचाई आराखड्याचा पहिला टप्पा हे सगळे एकाच सुमारास येतात. त्या आठवड्यांत ज्या ग्रामपंचायतीने ठराव केले, नोंदी काढल्या आणि त्यांची पोच घेतली, तिच्या हातात एप्रिलमध्ये काहीतरी असते. पुढील मार्गदर्शन सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे सदस्य आणि ग्रामसभेत प्रश्न विचारू इच्छिणारे नागरिक यांच्यासाठी आहे.

कोणता कायदा कशासाठी

विहीर आणि बोअर यांचा प्रश्न असेल, तर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 लागतो. नावात 2009 असले तरी हा कायदा 1 जून 2014 पासून लागू झाला. त्यापूर्वी 1993 चा भूजल अधिनियम होता आणि तो केवळ पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणापुरता होता. धरण, कालवा आणि नदीत सोडायचे पाणी यांसाठी महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976 आणि महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005 आहेत. कालव्याचे पाणी शेतकऱ्यांनी संस्था करून वाटून घ्यायचे असेल, तर सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005 आहे. या सगळ्यांच्या मुळाशी गावाचा स्वतःचा अधिकार म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 खालील ग्रामसभा. टँकर, विहीर अधिग्रहण आणि तात्पुरत्या नळ योजना यांचे नियम बहुतांशी शासन निर्णयांतून आलेले आहेत आणि त्यांतील दर व अधिकार वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी चालू शासन निर्णयाची प्रत पंचायत समितीतून मागून घ्यावी आणि त्याचा क्रमांक व दिनांक अर्जात घालावा. ज्या अर्जात नियमाचा आधार नेमका दिलेला असतो, तो परत पाठवणे अधिकाऱ्याला अवघड जाते.

पहिले काम: सार्वजनिक स्रोतांची नोंद

2009 च्या अधिनियमाचा सर्वांत धारदार भाग सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताच्या संरक्षणाचा आहे. गावाला पाणी पुरवणारी विहीर, विंधन विहीर (बोअर) किंवा झरा यांच्या प्रभावक्षेत्रात दुसऱ्या कुणी विहीर किंवा बोअर घेऊ नये, अशी ही तरतूद आहे आणि व्यवहारात त्यासाठी 500 मीटरचे अंतर धरले जाते. हे अंतर 1993 च्या कायद्यापासून चालत आलेले आहे. तीस वर्षे हा नियम असूनही गावोगावी सार्वजनिक विहिरीला लागून खासगी बोअर दिसतात, कारण तक्रार जाते तेव्हा बोअर होऊन गेलेले असते, मोटर बसलेली असते आणि शेतात पीक उभे असते. उभ्या पिकाचे पाणी तोडण्याचा आदेश काढायला कोणताही अधिकारी कचरतो. त्यामुळे ही लढाई बोअर होण्याआधीच्या कागदावर जिंकावी लागते.

त्यासाठी ग्रामपंचायतीने प्रत्येक सार्वजनिक स्रोताचे एक स्वतंत्र पान करावे. त्यावर स्रोताचा प्रकार, गट क्रमांक, खोली, व्यास, कोणत्या योजनेतून व कोणत्या वर्षी झाला, पंपाची अश्वशक्ती आणि मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश लिहावेत. त्याच पानावर 500 मीटरच्या परिघात आजमितीला असलेल्या सर्व खासगी विहिरी व बोअर गट क्रमांकासह नोंदवाव्यात. अंतर मोजताना रस्त्याने चालत गेलेले अंतर धरू नये, सरळ रेषेतील अंतर धरावे. मोबाइलच्या नकाशावर दोन बिंदूंतील अंतर सहज मिळते, आणि वाद झालाच तर भूमी अभिलेख विभागाच्या गाव नकाशावर ते पडताळता येते. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि ठरावाला जोडावी. एकदा ही आधाररेषा तयार झाली की पुढे नवे बोअर आधीचेच असल्याचा दावा करता येत नाही. माझ्या मते या संपूर्ण मार्गदर्शनातील हे एकच काम केले, तरी गावाची स्थिती पालटते.

ठरावाचा मजकूर साधा आणि नेमका असावा, उदाहरणार्थ: "सदर ग्रामसभा असा ठराव करते की, सोबतच्या यादीतील अनुक्रमांक 1 ते 6 येथील स्रोत हे गावाचे सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचे स्रोत असून, महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 अन्वये त्यांना संरक्षण मिळण्यासाठी ते अधिसूचित करावेत आणि त्यांच्या प्रभावक्षेत्रात नवीन विहीर अथवा विंधन विहीर घेण्यास प्रतिबंध करावा, अशी विनंती सक्षम प्राधिकाऱ्यांना करण्यात यावी." या ठरावाच्या प्रती तहसीलदार, प्रांताधिकारी, गटविकास अधिकारी आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्हा कार्यालय यांना द्याव्यात. प्रत्येक ठिकाणी शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्यावी. निर्णय महसूल यंत्रणेचा असला तरी त्याला भूवैज्ञानिकाच्या अभिप्रायाचा आधार लागतो, म्हणून भूजल यंत्रणेची प्रत विसरू नये.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी द्यावी आणि विषयपत्रिकेवर "पिण्याच्या पाण्याचे स्रोत व टंचाई" हा विषय स्पष्ट छापावा. ऐनवेळच्या विषयात घेतलेला ठराव पुढे कुणीही आव्हानित करू शकतो. पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. त्या सभेला हजर राहतील अशी वेळ ठरवावी, कारण कोणता हातपंप कोणत्या महिन्यात हवा ओढू लागतो हे त्यांनाच नेमके ठाऊक असते आणि ती माहिती कोणत्याही सरकारी अहवालात सापडत नाही.

बोअरची गाडी गावात आली तर

विंधन यंत्रे बहुधा संध्याकाळनंतर येतात आणि रात्रीत काम उरकून पहाटे निघून जातात. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा पुरावा जमवणे महत्त्वाचे असते. यंत्राच्या गाडीचा नोंदणी क्रमांक दिसेल असे छायाचित्र, वेळ व ठिकाण उमटेल अशा पद्धतीने घ्यावे. शक्य असल्यास बाजूला सार्वजनिक विहीरही दिसावी. कायद्यानुसार विंधन यंत्राच्या मालकालाही नोंदणी बंधनकारक आहे, त्यामुळे गाडीचा क्रमांक हा तक्रारीतील सर्वांत उपयोगी तपशील ठरतो. पोलीस पाटील आणि तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांना त्याच रात्री लेखी संदेश पाठवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदारांकडे अर्ज देऊन स्थळ पंचनाम्याची मागणी करावी. पंचनाम्यात सार्वजनिक स्रोतापासूनचे अंतर, बोअरची खोली आणि केसिंग पाइपची लांबी लिहिली जाईल याकडे लक्ष द्यावे.

खोलीचा मुद्दा वेगळाही महत्त्वाचा आहे. 2009 च्या अधिनियमाने 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हटले आहे आणि शेती व उद्योगासाठी अशा विहिरींवर बंधने घातली आहेत. 60 मीटर म्हणजे सुमारे 200 फूट. मराठवाड्यात आणि अहिल्यानगर, सोलापूर, सांगली या जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात 500 आणि त्याहून अधिक फुटांची बोअर सर्रास आढळतात हे खरे आहे. राज्याचा सुमारे ऐंशी टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत राहते, खाली जाऊ तसतशा भेगा विरळ होतात. खोल बोअरला लागलेले पाणी बऱ्याचदा जुन्या साठ्याचे असते आणि ते भरून यायला एका पावसाळ्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. शेजारच्या उथळ विहिरींचे पाणीही काही ठिकाणी भेगांवाटे खाली उतरते. ग्रामसभेत हा मुद्दा मांडताना बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याला आरोपी ठरवू नये. त्याने कर्ज काढलेले असते आणि बोअर कोरडे गेले तर नुकसानही त्याचेच होते. भूजल यंत्रणेचा भूवैज्ञानिक गावात बोलावून हे सगळ्यांसमोर समजावून द्यावे, त्याचा परिणाम तक्रारीपेक्षा अधिक होतो.

पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

भूजल सर्वेक्षण यंत्रणेने राज्याची विभागणी 1,500 हून अधिक पाणलोट क्षेत्रांत केली असून निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी ती वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. ऑक्टोबरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून कोणत्या तालुक्यात कधीपासून टंचाई भासेल याचा अंदाज दिला जातो. हा अहवाल जिल्हा कार्यालयातून मागून घ्यावा. तथापि निरीक्षण विहीर तुमच्या गावात असेलच असे नाही, म्हणून गावाने स्वतःची नोंद ठेवावी. वेगवेगळ्या भागांतील चार-पाच विहिरी निवडून त्यांच्या कठड्यावर रंगाने एक खूण करावी आणि प्रत्येक महिन्याच्या ठरावीक तारखेला, सकाळी मोटर सुरू होण्यापूर्वी, त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. सार्वजनिक विहिरीच्या बाबतीत आणखी एक मोजमाप घ्यावे: उपसा थांबवल्यानंतर एका तासात पाणी किती सेंटिमीटर वर येते. डिसेंबरमध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले असेल, तर विहिरीत वरकरणी पाणी दिसत असूनही ती मार्चपर्यंत टिकणार नाही, हे त्यातून आधीच कळते.

आता ताळेबंद. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटर पाणी होते. समजा, गावाचे भौगोलिक क्षेत्र 1,000 हेक्टर आहे, लोकसंख्या 2,000 आहे आणि यंदा 450 मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे गावाच्या शिवारात 45 लाख घनमीटर पाणी पडले. जलसंधारण खात्याच्या भाषेत हे 4,500 टीसीएम, म्हणजे हजार घनमीटरच्या मापात. बेसाल्टच्या प्रदेशात यातील ढोबळमानाने आठ टक्के पाणी जमिनीत मुरते असे धरले, तर भूजलात 360 टीसीएमची भर पडली. माणशी रोज 55 लिटर हा जल जीवन मिशनचा निकष लावला, तर 2,000 माणसांना वर्षाला सुमारे 40 टीसीएम पाणी लागते. जनावरांचे पाणी त्यात वेगळे मिळवावे.

या 40 टीसीएमच्या शेजारी आता पिके मांडावीत. पाटपाण्यावरील एक हेक्टर ऊस वर्षाला 20 टीसीएमच्या वर पाणी घेतो. हरभऱ्याला हेक्टरी सुमारे अडीच ते तीन आणि गव्हाला चार ते साडेचार टीसीएम लागते. म्हणजे दोन हेक्टर उसाचे पाणी हे दोन हजार माणसांच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याइतके आहे. हे गणित ग्रामसभेत फळ्यावर मांडले की चर्चेचा सूर बदलतो, असा अनेक गावांचा अनुभव आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने हेच केले. तेथे दरवर्षी पावसाच्या मोजमापावरून पाण्याचा हिशेब मांडून पिके ठरवली जातात, सिंचनासाठी बोअर घेण्यावर बंदी आहे आणि ऊस, केळी यांसारखी पाणीखाऊ पिके टाळली जातात. हा नियम सरकारने लादलेला नसून ग्रामसभेने केलेला आहे, म्हणून तो टिकला. अधिनियमातही अधिसूचित क्षेत्रांसाठी भूजल वापर आराखडा आणि पीक आराखडा यांची तरतूद आहे, पण अधिसूचनेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ठराव करून पिण्याचे पाणी आधी वेगळे काढून ठेवायला गावाला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

ताळेबंद रब्बीच्या पेरणीआधीच झाला पाहिजे. गहू पेरून झाल्यावर मांडलेला हिशेब कितीही बरोबर असला तरी तो कुणी पाळत नाही.

बंधारे अडवणे

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हद्दीत असेल, तर पाऊस ओसरताच, साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, त्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या) बसवायचे असतात. उशीर झाला की नदीतील उरलेला प्रवाह निघून जातो आणि मग बरगे बसवून काही साधत नाही. सप्टेंबरमध्येच बरग्यांची मोजणी करावी, गंजलेले व चोरीला गेलेले किती आणि रबरी पट्ट्या कितींच्या शिल्लक आहेत हे लिहून संबंधित उपविभागीय जलसंधारण अधिकारी किंवा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाला कळवावे. बंधारा कोणत्या विभागाच्या मालकीचा आहे याबाबत कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून आधी मालकीचे पत्र मिळवावे. गाळ काढायचा असेल तर 2017 पासूनची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे. तिचा प्रस्ताव मात्र तलाव कोरडे पडण्याआधी जावा लागतो.

धरणाखालची आणि कालव्यावरची गावे

ज्या गावांची नळ योजना धरणावर किंवा कालव्यावर अवलंबून आहे, त्यांनी 15 ऑक्टोबर ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवशीच्या उपयुक्त साठ्यावरून पुढील वर्षाचे वाटप ठरते. पिण्यासाठी किती पाणी राखून ठेवायचे याचा निर्णय जिल्हा पातळीवरील आरक्षण समितीत होतो आणि आवर्तने, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळ्या, कालवा सल्लागार समितीत ठरतात. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे, परंतु मागणी लेखी नोंदवलेली नसेल तर हा अग्रक्रम कागदावरच राहतो. ग्रामपंचायतीने आपली दैनंदिन गरज, साठवण टाकीची क्षमता आणि किती दिवसांनी आवर्तन आले तर पाणी पुरेल याचे पत्र समितीच्या बैठकीआधी कार्यकारी अभियंत्याकडे द्यावे. बैठकीत आमदारांना तोंडी सांगणे पुरेसे नाही, कारण इतिवृत्तात नसलेली मागणी पुढे कुठेच सापडत नाही.

खोऱ्याच्या वरच्या आणि खालच्या भागांतील वाटपाबाबत जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12(6)(क) मध्ये तुटीच्या काळात पाण्याची तूट सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावी असे तत्त्व आहे. जायकवाडीचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. मेंढेगिरी समितीचा 2013 मधील अहवाल, प्राधिकरणाचा सप्टेंबर 2014 चा आदेश आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर 2016 चा निकाल या क्रमाने नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पाणी सोडण्याची पद्धत ठरली. 2014 च्या आदेशानुसार 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल, तर वरून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचा या वाटपाशी जिव्हाळ्याचा संबंध आहे आणि दोघांचीही व्यथा खरी आहे. एखाद्या गावाने यात थेट उतरण्याची गरज क्वचित पडते, पण वाटा नाकारला गेल्याचे वाटल्यास प्राधिकरणाच्या रचनेत प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय आहे आणि न्यायालयात जाण्याआधी ती वापरावी.

कालव्याच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांसाठी पाणी वापर संस्था हा टंचाईतला सर्वांत न्याय्य मार्ग आहे. संस्थेला पाणी मोजून मिळते आणि संचालक मंडळात कालव्याच्या शीर्ष, मध्य व पुच्छ अशा तिन्ही भागांतील शेतकरी असावे लागतात. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातला वाघाड प्रकल्प ज्यांना शक्य आहे त्यांनी जाऊन पाहावा. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या कामातून तेथे संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे पाणी शेतकऱ्यांच्या महासंघाने वाटले. कायदा होण्याच्या आधीपासून हे काम चालू होते, 2005 च्या कायद्याला अशा अनुभवाचाच आधार मिळाला.

टंचाई कृती आराखडा

आराखड्याचे तीन टप्पे असतात: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. यात उपाययोजनांचा एक ठरलेला क्रम असतो: आधी विंधन विहिरींची दुरुस्ती व नवीन विंधन विहिरी, नळ योजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळ योजना, विहिरींतील गाळ काढणे व खोलीकरण, बुडक्या (नदी-नाल्याच्या पात्रातील उथळ खड्डे) घेणे, खासगी विहिरींचे अधिग्रहण आणि या कशानेही भागत नसेल तर टँकर. गावाने आपल्या प्रस्तावात प्रत्येक पायरीसमोर ती का शक्य नाही किंवा कधी शक्य आहे हे लिहावे. असे न केल्यास टँकरचा प्रस्ताव "प्रथम अधिग्रहणाची शक्यता तपासावी" अशा शेऱ्यासह परत येतो आणि आठ-दहा दिवस जातात. उन्हाळ्यात हे दिवस फार मोठे असतात.

वाड्या-वस्त्यांची नावे आराखड्यात स्वतंत्रपणे घालावीत. आदिवासी पाडे, तांडे आणि गावापासून दूर असलेल्या वस्त्या मुख्य गावाच्या नावाखाली झाकल्या जातात आणि मग टँकर गावठाणातल्या विहिरीत रिकामा होतो. पाडा दोन किलोमीटरवर असेल तर तेथील बाईसाठी तो टँकर आलाच नाही असे समजावे. आराखड्याचा मसुदा पंचायत समितीतून पुढे जाण्यापूर्वी एकदा स्वतः पाहून आपल्या गावातील प्रत्येक वस्तीचे नाव त्यात आहे याची खात्री करावी.

टँकरची मागणी आल्यावर तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांनी, किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी, संयुक्त स्थळ पाहणी करायची असते. मंजुरीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचे असून ते बऱ्याचदा प्रांताधिकाऱ्यांकडे सोपवलेले असतात. पाहणीच्या वेळी विहिरींच्या मासिक पातळीची वही समोर ठेवावी. ग्रामीण भागात टँकरसाठी माणशी रोज 20 लिटर हा निकष आहे. 2,000 लोकसंख्येला रोज 40,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरच्या चार खेपा लागतात. मंजूर खेपा आणि प्रत्यक्षात आलेल्या खेपा यांत अंतर पडते हा सार्वत्रिक अनुभव आहे. टँकरला जीपीएस बंधनकारक आहे, तरीही गावाने आपली वही ठेवावी: तारीख, वेळ, टँकरचा क्रमांक, क्षमता, कोणत्या विहिरीत किंवा टाकीत रिकामा केला आणि दोन महिलांच्या सह्या. चालकाच्या लॉगबुकवर सरपंचांनी एकदम आठवड्याभराच्या सह्या करून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती कटाक्षाने टाळावी. ज्या उद्भवावरून टँकर भरला जातो त्याच्या पाण्याची तपासणी झाली आहे का आणि क्लोरीनची मात्रा टाकली जाते का, हे विचारणेही समितीचे काम आहे.

अधिग्रहणाच्या बाबतीत विहीरमालकाशी आधी बोलावे. अधिग्रहण हे आदेशाने होते आणि मालकाला ठरलेल्या दराने मोबदला मिळतो, पण मोबदला वर्ष-वर्ष अडकतो अशी तक्रार जवळपास प्रत्येक तालुक्यात ऐकू येते. ज्याने एका उन्हाळ्यात गावाला पाणी दिले आणि पैशांसाठी हेलपाटे घातले, तो पुढच्या वेळी विहीर देत नाही. आदेशाची प्रत, सुरुवातीची तारीख आणि रोजचा उपसा यांची नोंद ग्रामपंचायतीने ठेवून मालकाला दिली, तर त्याचे देयक लवकर निघते. स्रोत आटत असताना आसपासच्या विहिरींचा उपसा थांबवण्याचा किंवा मर्यादित करण्याचा आदेशही भूजल कायद्याखाली टंचाईग्रस्त क्षेत्र जाहीर करून काढता येतो. त्यात उभ्या पिकाचे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे, हे शेतकऱ्याला आधी सांगावे, म्हणजे आदेशाला विरोध कमी होतो.

टंचाई आणि दुष्काळ यांची गल्लत करू नये

टंचाईच्या उपाययोजना गावापुरत्या होतात. दुष्काळ तालुक्यासाठी जाहीर होतो आणि त्याचे निकष वेगळे आहेत. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर राज्याने ऑक्टोबर 2017 मध्ये आपली पद्धत बदलली. त्यानुसार पावसातील तूट हा पहिला निकष असून त्यानंतर पेरणी, पिकांची उपग्रहाद्वारे दिसणारी स्थिती, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे हे निर्देशांक तपासून निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी केली जाते. 50 पैशांहून कमी पैसेवारी (गावाच्या पीक उत्पन्नाचा सरकारी अंदाज) म्हणजे दुष्काळ, हे समीकरण आता तसे राहिलेले नाही, तरीही पैसेवारीची नोंद महत्त्वाचीच आहे. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरमध्ये अंतिम अशा क्रमाने ती येते. पीक कापणी प्रयोगाच्या वेळी गावकऱ्यांनी शेतात हजर राहावे आणि निवडलेला प्लॉट गावातल्या सरासरी शेतासारखा आहे की बागायती, हे पाहावे.

2023 मध्ये राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्याबाहेरील एक हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करून सवलती लागू केल्या. म्हणजे तालुका यादीत नसला तरी मंडळ असू शकते. आपल्या मंडळाच्या पर्जन्यमापकाची आकडेवारी त्यामुळे निर्णायक ठरते. यंत्र बंद असेल किंवा झाडाखाली असेल तर ते पावसाळ्यातच लेखी कळवावे. जाहीर झालेल्या भागात जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कर्जवसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता आणि टंचाईग्रस्त गावांत पंपाची वीज न तोडणे अशा सवलती मिळतात. त्या आपोआप मिळतात असे गृहीत धरू नये. वीजबिल आणि परीक्षा शुल्क या दोन बाबतींत लोकांनी विचारल्याशिवाय लाभ पोहोचत नाही असे बरेचदा दिसते, म्हणून ग्रामपंचायतीने या दोन सवलतींची सूचना फलकावर लावावी आणि शाळेला व वीज कार्यालयाला स्वतंत्र पत्र द्यावे.

पाऊस सुरू झाल्यावर

जूनमध्ये पहिले चांगले पाऊस झाले की टँकर बंद होतात आणि सगळी कागदपत्रे विस्कळीत होतात. ज्या तारखेला टँकर व अधिग्रहण बंद झाले त्या तारखेचे पत्र तहसीलदारांकडून घ्यावे, खेपांची वही आणि विहीर पातळीची वही ग्रामपंचायतीच्या दप्तरी जमा करावी, आणि जूनअखेरीस विहीरमालकांची मोबदल्याची देयके पंचायत समितीत दाखल झाली आहेत याची आवक क्रमांकासह खात्री करून घ्यावी. ज्या अर्जांवर काहीच उत्तर आले नाही, त्यांवर झालेल्या कार्यवाहीची माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी. ती पुढच्या ग्रामसभेपर्यंत हाती येते आणि नव्या ठरावाला जोडता येते.